दसऱ्याआधीची भिंत

पवनचक्क्या आल्या म्हणून आमच्या गावच्या डोंगराला रस्ता झाला, आणि रस्ता झाला म्हणून मला या वयात वर जायला मिळालं. चढले कसली, नातवाच्या गाडीत बसून गेले. बेंबळीला लग्न होतं, तिथून परत निघालो होतो. सून मला आत्या म्हणते. ती म्हणाली, "आत्या, आलोच हाव तर वर जाऊन येऊ की. मामा रोज जायचे म्हणता ना?" मामा म्हणजे तिचे सासरे, माझे मालक. मी म्हटलं, "चला. उभ्या जन्मात गेले न्हाय, आता तरी जाते."

गाडीचं दार उघडलं आणि वारा असा आत घुसला की डोक्यावर पदर ठरेना. वाळल्या कुसळी गवताचा वास, दिवसभर तापलेल्या खडकाचा वास. हाच वास त्यांच्या कपड्यांना यायचा. संध्याकाळी ते उतरून यायचे, सदरा खुंटीला अडकवायचे, आणि घरभर डोंगराचा वास. सदरा धुवायला नेताना मी आधी नाकाला लावायचे. नवऱ्याच्या कपड्यांना अत्तराचा वास आला तर बाईला भांडता येतं. डोंगराच्या वासाशी भांडायचं कसं? तरी मी भांडलेच.

त्यांचं नाव मी घेणार नाही. लग्नात उखाण्यात घेतलं, बारशाला घेतलं, तेवढं पुरे झालं. गावानं त्यांना वेगळंच नाव ठेवलं होतं, डोंगऱ्या. आमचं शेत डोंगराच्या पायथ्याला, कोरडवाहू ज्वारीचं. दिवसभर औत हाकायचे, बैल सोडायचे, आणि घरी यायचं सोडून वर. माणूस दमला की खाली बसतो. हा माणूस दमला की डोंगर चढायचा. कुणब्याच्या घरात असलं खूळ कुणी पाहिलं नव्हतं. बायका मला विचारायच्या, "वर काय पुरलंय का गं?" मी म्हणायचे, "माझं नशीब."

चित्र काढायला त्यांना कुणी शिकवलं नाही. राज्य निजामाचं, शाळा उर्दू. तिथं चार इयत्ता झाल्या, वडील वारले, आणि हातात बैलाचा कासरा आला. लग्नाआधी कधीतरी तुळजापूरच्या जत्रेत त्यांनी नाटकवाल्यांचा पडदा पाहिला. पडद्यावर रान रंगवलेलं, रानातून एक वाट गेलेली. नाटक कुठलं होतं ते त्यांना आठवत नव्हतं. नाटक संपल्यावर हे गेले पडद्याच्या मागं, ती वाट पुढं कुठं जाते ते बघायला. मागं नुसते बांबू, आणि तोंडाला रंग फासलेले नट विड्या ओढत बसलेले. लग्नानंतर पहिल्या महिन्यात हे त्यांनी मला सांगितलं. मी हसले, तर तेही हसले. एवढं सलग ते माझ्याशी पुढं फारसं कधी बोलले नाहीत.

कागद हवा तर धाराशिवला जावं लागायचं, आणि मिळायचा तो हातभर. त्यावर डोंगर मावायचा कुठं? आमचं घर माळवदाचं, वर मातीचं सपाट छत, खाली जाड मातीच्या भिंती. पुढच्या सोप्यात दारासमोर एक भिंत होती, तीच त्यांनी धरली. गेरू आणि पिवडी, म्हणजे पिवळी माती, ओढ्याच्या दरडीतून आणायचे, आणि वर डोंगरावर बसून समोरच्या रंगाशी जुळवून घोटायचे. पांढरं म्हणजे घराला लावायची पांढरी माती, काळं म्हणजे कंदिलाच्या काचेवरची काजळी. बाभळीचा डिंक वाटीत भिजत असायचा. शिंदीची काडी चेचून कुंचला करायचे, बारीक रेघेला शेळीचे केस. एकदा माझ्या फोडणीच्या पळीला गेरू लागलेला दिसला तेव्हा मी जे तोंड सोडलं, ते पार वेशीपर्यंत ऐकू गेलं असेल. ते म्हणाले, "धुतली की जाईल." धुतली, गेला नाही. आठ दिवस वरण तांबडं.

निळा मात्र रानात मिळत नाही. निळा जैनबबीकडून यायचा. जैनबबी म्हणजे पाठीमागच्या गल्लीतल्या रंगरेजाची बायको. तिचा नवरा लुगडी, पागोटी रंगवायचा. त्यांच्या दारात निळीचा रांजण होता आणि जैनबबीचे हात कोपरापर्यंत निळे. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला भीती वाटली. पुढं त्याच हातांनी तिनं माझ्या डोक्याला तेल घातलं, माझं पहिलं बाळंतपण केलं, तेव्हा भीती गेली. मी माकणीची. माहेरी निम्मं मराठी, निम्मं कानडी. आईला अव्वा म्हणणारी. सासरी आले तर माझ्या बोलण्याला बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. जैनबबीच्या बोलण्यालाही हसायच्या. म्हणून आमचं जमलं.

संध्याकाळी ती आमच्या आंगणात येऊन टेकायची. "क्या गे, तेरा मरद फिर डोंगर पो?"

"व्हय. सवत हाय माझी ती."

"अच्छी सवत है. खाना नहीं मांगती, लुगडा नहीं मांगती."

दिवाळी झाली, ज्वारी पोटऱ्यात आली की भिंतीवर चित्र सुरू व्हायचं. हुरड्याच्या दिवसांत डोंगराची रेघ उमटायची. मी चुलीपाशी असायचे आणि सोप्यातून काडी भिंतीवर घासल्याचा खरखर आवाज यायचा, मध्येच थांबायचा, पुन्हा यायचा. त्या आवाजावरून मला कळायचं, गवत चाललंय की खडक चाललाय. उन्हाळ्यात चित्र पुरं व्हायचं. जवळचे डोंगर, मागचे डोंगर, त्यामागचे फिकट डोंगर, ओढा, एखादी बाभळ आणि आभाळ. एका वर्षी वळिवाआधीचं काळंनिळं आभाळ, एका वर्षी सकाळचं धुकं. पाव्हणे यायचे ते खरं रान दाराबाहेर सोडून भिंतीकडं तोंड करून बसायचे, आणि पान चघळत म्हणायचे, "च्यायला, गार वाटतंय!"

मग भाद्रपदात पितरं झाली की दसरा काढायचा. आमच्याकडं दसरा काढतात म्हणजे घर उलटंपालटं करतात. वाकळा ओढ्यावर, भांडी आंगणात, आणि भिंती पांढऱ्या मातीनं पोतारायच्या. भिंती पोतारल्याशिवाय देवीचे घट बसत नाहीत, कुणाच्याच घरात नाही. तेव्हा वर्षभराचं चित्र जायचं. पुसायचे ती मीच. पदर खोचायचा, फडकं मातीत बुडवायचं आणि आभाळापासून सुरुवात. ओल्या मातीखालून डोंगर थोडा वेळ दिसत राहायचा, मग वाळता वाळता जायचा. लोकांना वाटायचं, आता ह्यांच्यात जुंपणार. पण "राहू दे" असं ते कधी म्हणाले नाहीत. उलट माझा हात पुरायचा नाही तिथं स्वतः फडकं मारून द्यायचे. म्हणायचे, "नवी भिंत झाली." पुढं दिवाळीपर्यंत त्या कोऱ्या भिंतीसमोर बसून विडी ओढायचे, आणि तोंडावर असं समाधान की मलाच राग यायचा.

माझं गाऱ्हाणं पुसण्याचं नव्हतंच. माझं गाऱ्हाणं एकच होतं, त्या चित्रात माणूस नसायचा. इतकी वर्षं, इतकी चित्रं, पण माणूस नाही. गुराखी नाही, पाण्याला निघालेली बाई नाही. ज्या घरात रोज भाकरी खातात ते घरसुद्धा नाही. दरवर्षी चित्र पुरं झालं की मी कंदील घेऊन जवळ जायचे, कुठं कोपऱ्यात एखादा ठिपका तरी आहे का बघायला. आता सांगायला लाज कसली? मला त्या चित्रात जायचं होतं. ह्या माणसानं आपल्याकडं एकदा तरी तसं बघावं, डोंगराकडं बघतो तसं, एवढंच मला हवं होतं.

एकदा म्हटलंच. "एखादी बाई काढा की."

"कशाला?"

"शोभंल."

त्यांनी बराच वेळ विडी ओढली. दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या काठी एक बाई आली. डोक्यावर घागर, आमच्याकडं पाठ, अंगावर इरकली लुगडं, काठ अगदी माझ्या लुगड्यासारखे. मला काय आनंद झाला! मी धावत जाऊन जैनबबीला घेऊन आले. तिनं कमरेवर हात ठेवून बघितलं आणि म्हणाली, "मुंडी किधर है गे इसकी?" खरंच की. घागर सरळ खांद्यावर बसली होती, मान नव्हतीच. पाय खांबासारखे. आम्ही दोघी हसून हसून खाली बसलो. ते बाहेर ओट्यावर होते. आत आले आणि त्या बाईवरून रंगाचा हात फिरवला. तिथं बाभळ झाली.

मी म्हटलं, "अहो, असं काय करता? तोंड बघून काढा. मी बसते समोर."

"डोंगर बसतो. तू कवा बसतीस?"

ते काही खोटं नव्हतं. पाणी, दळण, गुरं, लेकरं. बसले की कुणीतरी हाक मारायचं. मग माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "आन् माणसाचं मला येत न्हाय." ते इतकं हळू म्हणाले की मी उठून चुलीकडं गेले.

कवितेचंही तसंच. लिहून ठेवायची नाही, औतामागं चालता चालता पुटपुटायची, आणि जमली की मला म्हणून दाखवायची. एक होती:

डोंगर उभा राही, कुणाची वाट पाही
ढग आला, टेकला, बोलला काही नाही

मला आवडली. सकाळी जात्यावर बसले तर तीच ओठांवर आली, आणि जात्यावर ती बदलली:

डोंगर उभा राही, कुणाची वाट पाही
माझा गं बंधुराया, घोडीवरनं येतो बाई

ते अंथरुणातनंच ओरडले, "अगं, तुझा बंधू कुठनं आला त्यात?"

"जात्यावर बंधूशिवाय गाणं चालत न्हाय," मी म्हटलं. "तुमचा ढग आला, टेकला, गेला. असल्या गाण्यावर पायलीभर दळण व्हायचं कसं?"

जैनबबी दळायला आमच्याकडंच यायची. तिला ओव्या यायच्या नाहीत. ती पलीकडून खुंटा धरायची आणि शेवटचं "बाई" आलं की माझ्या सुरात सूर मिसळायची. शेजारणींनी ती ओवी उचलली. अशा त्यांच्या कितीतरी ओळी गावभर फिरल्या. कुणाचा भाऊ त्यात शिरला, कुणाचं लेकरू, कुणाचा मामा. त्यांची म्हणून एकही राहिली नाही. ते चिडायचे. मला वाटायचं, बरं झालं, निदान जात्यावर तरी माणसं आली.

जैनबबीची एक बारकी पोर होती, बिल्कीस. आमच्या आंगणातल्या फरशीवर कोळशानं माणसं काढत बसायची. माणूस कसाही असो, हात लांबच लांब, आणि बोटं सगळी मोजून घ्यावीत अशी मोठी. हे तिच्याजवळ उकिडवे बसून बघत राहायचे. म्हणायचे, "हिला माणूस येतो बघ."

मग ते वाईट वर्ष आलं. कशामुळं आलं, कुणामुळं आलं, ते पुढाऱ्यांना विचारा. त्यांचं अजून त्यावर भांडण चालू आहे. मला एवढंच आठवतं की रझाकारांच्या भीतीनं गाव रिकामं व्हायला लागलं. लोक निजामाच्या हद्दीपलीकडं, बार्शीच्या बाजूला निघाले. आम्हीही लेकरं, बैल, भांडी घेऊन निघालो. जैनबबी आंगणात उभी होती. "जा गे," ती म्हणाली. "घर मैं देखती." मी म्हटलं, "चूल तेवढी सारवत जा." ती म्हणाली, "हौ." मला वाटलं आठवड्याभरात परत येऊ, म्हणून मी तिच्या गळ्यातसुद्धा पडले नाही.

हद्दीपलीकडं आम्ही एका आमराईत पाल ठोकून राहिलो. तो सगळा सपाट मुलूख. हे दिवसभर कपाळावर हात धरून लांब बघत उभे राहायचे आणि बघायला काही नव्हतं. एकदा म्हणाले, "इथं नजर कुठं थांबतच न्हाय." मी म्हटलं, "माझ्यावर थांबवा की जरा." ते कसनुसं हसले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले.

पोलीस ॲक्शन झालं. निजामाचं राज्य गेलं, लोक गुलाल उधळत परतले, आम्हीही परतलो. भिऊन पळायची आमची पाळी संपून दुसऱ्यांची सुरू झाली होती, हे वाटेतच कळायला लागलं. रंगरेजाच्या घराला दार उरलं नव्हतं. निळीचा रांजण फुटला होता, गल्लीतला चिखल निळा झाला होता, आणि त्यातून कोंबड्या फिरत होत्या. त्यांचे पायसुद्धा निळे. मी दारोदार विचारत सुटले. कुणी म्हणालं सोलापूरला गेले, कुणी म्हणालं हैदराबादला. एक म्हातारी हळूच म्हणाली, "इचारू नको बाय." बाकीचे पावसापाण्याचं बोलायला लागले.

मी आमच्या घरात शिरले. चूल सारवलेली होती. आत राख होती, ताजी. कुणीतरी इथं काही दिवस लपून राहिलं होतं. दिवा कोनाड्यात नव्हता, खाली कणगीच्या आड होता, उजेड बाहेर पडू नये असा. मी सोप्यात आले. भिंतीवर त्या उन्हाळ्यातलं चित्र तसंच होतं. डोंगर, ओढा, डोंगराकडं निघालेली पायवाट. आणि पायवाटेवर कोळशानं काढलेली तीन माणसं. एक उंच, एक पदरवाली, एक बारकी. हात लांबच लांब, बोटं ही एवढाली, आणि एकमेकांची बोटं धरलेली. मागून त्यांची शेळी. मी खालीच बसले आणि गळा काढून रडले. हे माझ्यामागं उभे होते. बैलसुद्धा न बांधता डोंगरावर निघून गेले.

पितरं झाली, दसरा तोंडावर आला. एका सकाळी उठून बघते तर पांढऱ्या मातीची पाटी सोप्यात. ह्यांनीच आणलेली. घमेल्यात माती कालवत बसले होते.

"काय करायलाव?" मी विचारलं.

"दसरा काढायचाय की."

"ह्या भिंतीला हात लावायचा न्हाय."

"मग घट कसे बसतील?"

"चुलीपाशी बसवते."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या. लोकांनी काय केलंय ते बघून आले मी."

त्यांचे हात तसेच मातीत होते. खाली बघतच म्हणाले, "मला बघवत न्हाय गं."

मला असा राग आला! त्या दिवसाचा नव्हे, सगळ्या वर्षांचा. मी म्हटलं, "डोंगर बघवतो. आभाळ बघवतं. माणसं तेवढी बघवत न्हाईत व्हय तुमाला? कुणी न्हाय म्हणून ती इथं येऊन बसली. ते लेकरू ह्या भिंतीपाशी बसून होतं, बाहेर काय चाललंय ते ऐकत. आन् तुमी पोतारा मारायलाव? बघा. बघायलाच लागंल. मी तर रोज बघणार."

तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलं. मान वर करून, डोळे बारीक करून, बराच वेळ. लुगडं फाटकं, केस पिंजारलेले, नाक रडून लाल, अशा अवताराकडं. मी हलले नाही. मग त्यांनी घमेलं उचललं आणि बाहेर नेऊन ओतलं.

त्या वर्षी आमचे घट चुलीपाशी बसले. बायका हळदीकुंकवाला आल्या त्या भिंत बघून कुजबुजल्या. एकीनं विचारलंच, "ही कोण गं?"

मी म्हटलं, "आमच्या घरची माणसं."

ती भिंत पुन्हा पोतारली नाही. कोरी झाली नाही म्हणून त्यांनी तिच्यावर पुन्हा काढलंही नाही, आणि दुसऱ्या भिंतीला हात लावला नाही. बाजारात निळीच्या पुड्या मिळायच्या. मी एक आणून ठेवली. तिला कुणी शिवलं नाही. पावसाळ्यात माळवद गळायला लागलं की हे भर पावसात वर जाऊन माती टाकायचे, नेमकी त्या भिंतीच्या डोक्यावर. तरी ओल यायचीच. कोळसा आधी गेला. शेळी गेली, मग बारकीची बोटं गेली. डोंगर राहिला. एकदा मी कोळसा घेऊन भिंतीसमोर उभी राहिले, गेलेल्या रेघा पुन्हा ओढाव्यात म्हणून. हात वळला नाही.

त्या दिवसांत त्यांनी एकच कविता केली. भिंतीकडं तोंड करून मला म्हणून दाखवली:

रान माझं रितं होतं, रितं वाटलं न्हाई
तिघं त्यात चालून गेली, आता करमत न्हाई

दुसऱ्या दिवशी जात्यावर मी ती तशीच म्हटली. त्यात भाऊ घातला नाही, लेकरू घातलं नाही. पलीकडून खुंटा धरायला कुणी नव्हतं, आणि एकटीला ते जातं लई जड व्हायचं. आजही पीठ म्हटलं की मला तिचे हात दिसतात, निळ्यावर पांढरं उडालेलं.

पुढं हे रंगाशिवायच वर जायला लागले. नुसतेच. मी भांडायची थांबले होते, कारण माझ्या मनानं एक धरून ठेवलं होतं. त्या सकाळी त्यांनी मला बघितलं, तेव्हापासून मला वाटायला लागलं की वर बसून ते आता डोंगर बघत नसणार. वरून गाव दिसणार. गाव दिसलं की आमचं माळवद दिसणार, आंगण दिसणार. हसू नका. माणूस काय काय धरून जगतं! मी दिवस कलायच्या आत अव्वानं दिलेलं तांबडं इरकली लुगडं धुवायचे आणि माळवदावर पसरायचे, मळलेलं नसलं तरी. आंगणात सडा टाकून रांगोळी काढायचे ती सणाला काढावी एवढी मोठी. ज्वारी पाखडायला आत जागा असली तरी आंगणात बसायचे. शेजारीण म्हणायची, "कुणासाठी गं एवढं चालवलंयस?" मी म्हणायचे, "कुणासाठी न्हाय." डोंगराकडं मात्र मी कधी मान वर करून बघितलं नाही. बघितलं असतं तर त्यांना कळलं असतं की मला ठाऊक आहे.

त्यांनी कधी "चल" म्हटलं नाही, आणि मी कधी "येऊ का" म्हटलं नाही. दोघंही हट्टी. त्यांना विचारलंही नाही काही. विचारायचं कशाला? माझ्यापुरतं ठरलेलं होतं. ते गेले. मुलाच्या नोकरीपायी मी लातूरला आले. माळवद पडलं, भिंत मातीत गेली, पुतण्यानं तिथं पत्र्याचं घर बांधलं. लातूरला तिसऱ्या मजल्यावर बसून दिवस जाता जात नाही. दुपारी सगळे आपापल्या कामाला, घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ. तेव्हा मी हेच काढून बघायचे, की वरून त्यांना मी दिसत होते.

तर गाडी थांबली. नातू पवनचक्कीचे फोटो काढायला पळाला. सून गाडीपाशीच राहिली. म्हातारी मी, पण गुडघे तिचे दुखतात. मी काठी टेकत कडेला गेले आणि बघते तर गाव अगदी पायाशी. देवळाचा कळस, चिंच, पुतण्याचे चकाकणारे पत्रे, त्यापुढचं आंगण. आंगणात त्याची सून काहीतरी वाळत घालत होती, तिच्या लुगड्याचा रंगसुद्धा कळत होता. म्हटलं, बघा, खरं होतं माझं. इथंच बसायचे.

आता नेमकी जागा शोधावी म्हणून मी इकडंतिकडं बघायला लागले. ते सांगायचे, वर एका सपाट खडकात त्यांनी रंग घोटायला वाटीएवढे खळगे पाडले होते. त्या उतारावर तसला खडक दिसेना. नुसता मुरूम आणि कुसळ. आणखी वर गेले. माथा लागला. माथ्यावरही नाही. पलीकडच्या अंगाला जरा उतरले, तर तिथं खडक होता.

खळगेही होते. एकात पावसाचं पाणी साचलेलं, एक अजून तांबूस. टेकायला मागं एक मोठा धोंडा आणून बसवलेला. त्या धोंड्याला पाठ लावली की गावाकडं पाठ होत होती. मी खडकावर बसले, पाठ लावली. समोर एक घर नव्हतं. डोंगर, त्यामागं डोंगर, त्यामागं फिके होत गेलेले डोंगर, ओढा, बाभळी, आभाळ. एकेका वर्षाची भिंत मला ओळखू येत होती. मान वळवून मागं बघितलं तर माथ्याचा मुरूम, बाकी काही नाही. लई देखणं होतं. एवढं देखणं असेल असं मला वाटलं नव्हतं, आणि त्याचंच मला रडू फुटलं. ते दोन पावलं अलीकडं बसले असते तर गाव दिसलं असतं.

माथ्यापलीकडून सुनेची हाक आली. "आत्या, सापडली का मामांची जागा?"

"सापडली."

"तिथनं आपलं घर दिसतंय का?"

मी पदरानं तोंड पुसलं.

"दिसतंय की," मी ओरडून सांगितलं. "आंगणसुद्धा दिसतंय."